स्वप्नात शुद्धीवर राहण्याची विद्या : सजग स्वप्नांच्या सरावामागचा इतिहास

झोपेत असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असे कळणे आणि कळल्यावरही जाग न येता स्वप्न पुढे चालू राहणे, याला सजग स्वप्न किंवा ल्युसिड ड्रीम म्हणतात. आज या विषयावर जे शिकवले जाते, त्यात हुकमतीवर फार भर असतो : आकाशात उडावे कसे, हवी ती व्यक्ती समोर आणावी कशी. ज्यांनी ही विद्या खरोखर पुढे नेली, त्यांची सर्वांत मोठी अडचण मात्र स्मरणाची होती. जागेपणी केलेला निश्चय स्वप्नात आठवायचा कसा आणि स्वप्नात पाहिलेले जागे झाल्यावर विश्वासाने सांगायचे कसे, या दोन प्रश्नांभोवतीच हा सगळा इतिहास फिरतो.

असा अनुभव येतो, हे फार पूर्वीपासून माहीत होते. झोपलेल्या माणसाच्या मनात कधीकधी ‘समोर दिसते ते स्वप्नच आहे’ असे सांगणारे काहीतरी असते, असे अॅरिस्टॉटलने नोंदवले आहे. इ. स. 415च्या सुमारास संत ऑगस्टीनने एका पत्रात गेन्नाडियस नावाच्या वैद्याचे स्वप्न सांगितले. स्वप्नातला तरुण त्याला विचारतो, ‘तुझे शरीर आत्ता कुठे आहे?’ ‘बिछान्यात,’ असे उत्तर मिळताच तो पुढचा प्रश्न टाकतो : तुझे डोळे तर तिथे मिटलेले आहेत, मग मला पाहतोस ते कोणत्या डोळ्यांनी? ऑगस्टीनला यातून मरणोत्तर जीवनाविषयी बोलायचे होते, त्यामुळे असे स्वप्न मुद्दाम आणता येईल का, हा विचार तिथे येत नाही.

बृहदारण्यक उपनिषदात स्वप्नाचे वर्णन करताना म्हटले आहे, की तिथे रथ नसतात, घोडे नसतात, रस्ते नसतात. ते सारे स्वप्न पाहणाराच निर्माण करतो. इतकी नेमकी जाण असूनही तिथे सरावाची रीत दिलेली नाही. ती तिबेटी बौद्ध परंपरेत सापडते. 11व्या शतकातल्या नारोपा या भारतीय बौद्ध सिद्धांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सहा साधनांमध्ये स्वप्नयोगाचा समावेश होतो. दिवसा वावरताना ‘हेही स्वप्नच आहे’ हा भाव साधकाने धरून ठेवायचा, म्हणजे तोच भाव रात्री स्वप्नात जागा होतो, अशी त्यामागची धारणा आहे. दिवसाची सवय रात्री उतरते, हे तत्त्व पुढे अगदी वेगळ्या वाटेने पुन्हा सापडले.

युरोपात या सरावाला पद्धत दिली ती चिनी भाषा व साहित्याचे फ्रेंच अभ्यासक एर्वे द सॅं-दनी यांनी. तेराव्या-चौदाव्या वर्षापासून ते आपली स्वप्ने लिहून आणि चितारून ठेवत. अशा 22 वह्यांत 1,946 रात्री नोंदवल्या गेल्या आणि त्यांच्या आधारावर 1867 मध्ये त्यांनी निनावी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचा अत्तराचा प्रयोग मला आजही या विषयातला सर्वांत सुंदर प्रयोग वाटतो. एका प्रदेशात मुक्कामाला असताना त्यांनी एकच अत्तर रोज वापरले आणि निघताना कुपी बंद करून टाकली. कित्येक महिन्यांनंतर नोकराने, कोणत्या रात्री ते न कळवता, त्या अत्तराचे थेंब त्यांच्या उशीवर टाकले, आणि स्वप्नात तोच प्रदेश उभा राहिला. पुढे त्यांनी दुसरे अत्तर चित्रशाळेशी जोडले. दोन्ही एकाच रात्री उशीवर पडली, तेव्हा त्या प्रदेशातल्या घरी जेवणाच्या खोलीत त्यांचे चित्रकार गुरूच येऊन ठाकले.

‘ल्युसिड’ हा शब्द रूढ केला तो डच मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक फान एडन यांनी, 1913च्या निबंधात. 1898 ते 1912 या काळातल्या आपल्या 352 सजग स्वप्नांची नोंद त्यांच्यापाशी होती. एका स्वप्नात त्यांनी काचेच्या पेल्यावर मुठीने सारा जोर लावून प्रहार केला, पण तो फुटला नाही. थोड्या वेळाने पाहिले, तर तो फुटलेला होता. प्रवेश चुकलेल्या नटासारखे स्वप्न उशिरा पोचले, असे त्यांना वाटले. स्वप्नावरच्या हुकमतीची मर्यादा यापेक्षा नेमकी क्वचितच कोणी सांगितली असेल.

या सर्व नोंदी जागे झाल्यावर लिहिलेल्या होत्या, आणि शंका घेणाऱ्यांचा आक्षेप नेमका तिथेच होता : माणूस क्षणभर जागा झाला असेल आणि पुन्हा डोळा लागला असेल. उत्तराची वाट 1953 मध्ये मोकळी झाली, जेव्हा शिकागो विद्यापीठात ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी डोळ्यांच्या जलद हालचालींची झोप, म्हणजे रेम झोप, शोधून काढली. या झोपेत हातापायांचे स्नायू जवळजवळ लुळे पडतात, पण डोळे हलत राहतात. याचा अर्थ स्वप्नातून बाहेर खूण करण्यासाठी एक खिडकी उघडी होती. एप्रिल 1975 मध्ये इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांच्या प्रयोगात ॲलन वर्स्ली यांनी आधी ठरल्याप्रमाणे डावीकडे-उजवीकडे डोळे फिरवले आणि झोप नोंदवणाऱ्या यंत्राच्या कागदावर ती रेघ उमटली. स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे हेच सिद्ध करून 1981 मध्ये प्रसिद्ध केले.

लाबर्ज यांचे दुसरे काम शिकणाऱ्यांसाठी अधिक मोलाचे ठरले. स्वप्नातून जाग आली, की ते स्वप्न नीट आठवायचे, पुन्हा झोपताना ‘पुढच्या वेळी स्वप्न पाहत असेन तेव्हा ते स्वप्न आहे हे मला आठवेल’ असे मनाशी म्हणायचे आणि त्याच स्वप्नात आपण सजग झालो आहोत असे चित्र डोळ्यांसमोर आणायचे. वाटेत टपालपेटी दिसली की पत्र टाकायचे आठवावे, तशीच ही पुढच्या कामाची आठवण आहे. जर्मनीत पाऊल थोलाय यांनी दिवसभरात वारंवार ‘मी आत्ता जागा आहे की स्वप्नात?’ असे विचारण्याची सवय लावायला सांगितले. तिबेटी साधकांच्या रीतीशी तिचे साम्य उघड आहे.

2021 मध्ये अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्स येथील चार गटांनी 36 जणांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत झोपलेल्या माणसाला बाहेरून प्रश्न विचारले गेले. आठातून सहा गेले तर किती, या प्रश्नाला एकाने डोळे दोनदा फिरवून उत्तर दिले. एकूण 158 प्रयत्नांपैकी सुमारे 18 टक्क्यांत बरोबर उत्तर आले, तर 60 टक्क्यांहून अधिक प्रयत्नांत उत्तरच आले नाही. काहींना तो प्रश्न स्वप्नातल्याच एखाद्या वस्तूतून, जसे रेडिओतून, आल्यासारखा ऐकू आला होता. आणि काही जणांनी यंत्रावर बरोबर उत्तर नोंदवूनही जागे झाल्यावर भलताच प्रश्न सांगितला.