जेमसोनाइट की बुलांजेराइट? रंग बघत बसू नका, सुई वाकवा

खडकाच्या पोकळीत शिशाच्या रंगाच्या केसांचा पुंजका दिसला की लेबलावर ‘जेमसोनाइट’ लिहून मोकळे व्हायचे, ही खोड काही जात नाही. तो बुलांजेराइटही असू शकतो. दोन्ही शिसे-अँटिमनीची सल्फोसॉल्टे (धातू, अँटिमनीसारखा उपधातू आणि गंधक यांची खनिजे), दोन्ही सुईसारखी, दोन्ही करडी.

असेच दिसणारे तिसरे खनिज, स्टिब्नाइट (अँटिमनीचे सल्फाइड), तुम्हाला ओळखता येते असे धरतो: मोस मापावर कठिनता २, लांबीच्या दिशेने आरशासारखे पाटन (म्हणजे ठरावीक दिशेने सपाट फुटणे), मेणबत्तीच्या ज्योतीत वितळणारे. शंका उरलीच तर ताज्या पृष्ठभागावर कॉस्टिक पोटॅशच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या) तीव्र द्रावाचा थेंब ठेवा, लगेच नारिंगी डाग पडतो. हा द्राव कातडी भाजतो, हातमोजे घाला.

आता खरा घोळ. जेमसोनाइट ठिसूळ असते आणि त्याचे चांगले पाटन सुईला आडवे असते. बुलांजेराइटचे पाटन सुईच्या लांबीने जाते, आणि बारीक तंतू वाकतो. प्रयोगशाळेबाहेर भरवसा ठेवावा असा फरक एवढाच.

चाचणी अशी: केसाहून जाड नसलेली, चार-पाच मिलिमीटर मोकळी असलेली एकच सुई निवडा. खाली पांढरा कागद धरा. दहापट भिंगातून बघत, लाकडी दातकोरणीच्या टोकाने मोकळे टोक हळू ढकला. जेमसोनाइट जवळजवळ लगेच तुटते, आणि तुकड्याची टोके सपाट, सुईला काटकोनात दिसतात. बुलांजेराइट कमान करते. नुसते ‘तुटले’ एवढ्यावर निकाल देऊ नका, तुटलेले टोक बघा.

फसगत इथेच होते. जाड सुई घेतली तर बुलांजेराइटही तुटते, म्हणून ‘तुटले म्हणजे जेमसोनाइट’ हा निष्कर्ष कच्चा. ‘वाकले म्हणजे जेमसोनाइट नव्हे’ हा मात्र बराच पक्का. पुंजका ढकलला तर सुया एकमेकींवरून घसरतात आणि वाकल्याचा भास होतो. म्हणून एकच सुई. पोकळीत आधीच वळलेले, कडे झालेले तंतू दिसले तर बुलांजेराइटकडे कौल द्या आणि नमुन्याला हात लावू नका.

कस, म्हणजे खनिज खरखरीत पांढऱ्या चिनी मातीवर घासल्यावर उमटणाऱ्या भुकटीचा रंग, बघायचा सल्ला सगळीकडे सापडतो: जेमसोनाइटचा करडा-काळा, बुलांजेराइटचा तपकिरी झाक असलेला. माझ्या मते केसभर नमुन्यावर हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे, वर शिशाची भुकटी हाताला लागते ती वेगळीच. विशिष्ट गुरुत्व जेमसोनाइटचे ५.६ आणि बुलांजेराइटचे सुमारे ६.२; ठोकळा असता तर उपयोग होता.

वाकणारी दुसरी सल्फोसॉल्टेही आहेत, म्हणून लेबलावर ‘बहुधा’ लिहायला लाजू नका. पक्के उत्तर प्रयोगशाळेतच. जेमसोनाइटमध्ये शिशाचे ४, लोहाचा १ आणि अँटिमनीचे ६ अणू असतात; बुलांजेराइटमध्ये शिशाचे ५, अँटिमनीचे ४, लोह नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालच्या क्ष-किरण विश्लेषणात लोह दिसले की लोक लगेच जेमसोनाइट म्हणतात. पण शेजारी पायराइट (लोहाचे सल्फाइड) असेल तर ते लोह त्याचेही असते. सुई सुटी करून पाठवा, आणि लोहाआधी शिसे-अँटिमनीचे प्रमाण वाचा.