टेप खांद्यावर, काम फऱ्याचं

२००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या केरी वॉल्शच्या उजव्या खांद्यावर काळ्या पट्ट्यांचं जाळं दिसलं. तिनं बीच व्हॉलीबॉलचं सुवर्णपदक जिंकलं आणि केन्झो कासे या जपानी उपचारकानं सत्तरच्या दशकात तयार केलेली ताणली जाणारी टेप जगभर माहीत झाली. आता बॅडमिंटनच्या कोर्टवर आणि क्रिकेटच्या नेटमध्ये खांदा दुखत नसलेली मुलंही ती लावून येतात. टेप खांदा धरून ठेवते, म्हणून इजा होत नाही, असा त्यामागचा समज.

धरून ठेवणं तिला जमण्यासारखंच नाही. बेसबॉलचा पिचर चेंडू फेकतो तेव्हा त्याचा दंड सेकंदाला ७००० अंशांहून अधिक वेगानं आत फिरतो. चेंडू सुटल्यावर हाताला खांद्याच्या खोबणीतून बाहेर ओढणारी ताकद जवळजवळ त्या पिचरच्या वजनाइतकी असते. स्मॅश, स्पाइक, भालाफेक यांतले आकडे वेगळे असले तरी जात तीच. जी पट्टी आपण दोन बोटांनी सहज ताणतो, ती हा ओढा काय रोखणार?

मग ती काही करत असेल तर कुठे? खांद्यामागच्या त्रिकोणी, चपट्या हाडावर, म्हणजे फऱ्यावर. हात पूर्ण वर नेला की १८० अंशांपैकी ढोबळमानानं १२० अंश खांद्याच्या सांध्यात होतात, उरलेले ६० फरा बरगड्यांवरून सरकल्यामुळे मिळतात. हे सरकणं साधं नसतं. फरा वरच्या बाजूला वळतो, त्याची वरची कड मागे कलते आणि हात उंचावत जाईल तशी आतली कड बरगड्यांना चिकटून राहते. वळवण्याचं काम ट्रॅपेझियस या मानेपासून पाठीवर पसरलेल्या स्नायूचा वरचा व खालचा भाग आणि काखेखालचा सेरेटस अँटीरियर हा स्नायू हे तिघं मिळून करतात. खालचा ट्रॅपेझियस आणि सेरेटस थकले की वरचा एकटाच खेचत राहतो आणि खांदा कानाकडे चढतो. फरा मागे कलत नाही. फऱ्याचं पुढे आलेलं टोक म्हणजे ॲक्रोमियन. त्याच्या आणि दंडाच्या हाडाच्या डोक्यामध्ये जेमतेम सेंटिमीटरभर जागा असते. रोटेटर कफ म्हणजे खांद्याच्या सांध्याभोवतीचा स्नायूंचा गट. त्यातला सुप्रास्पिनेटस स्नायू त्याच फटीतून जातो, आणि फटीचं मोजमाप फऱ्याच्या कलण्यावर बदलतं.

फेकणाऱ्या खेळाडूंत आणखी एक भानगड असते. हात मागे पूर्ण वळलेला असताना फरा त्याच्याबरोबर पुरेसा मागे सरकला नाही, तर कफची आतली बाजू दंडाचं हाड आणि खोबणीची मागची कड यांच्यामध्ये चिमटते. इथे दोष ॲक्रोमियनचा नसतो, त्यामुळे वरून कितीही शेकलं तरी उपयोग होत नाही.

फरा ओळीत चालतो की नाही, हे घरीही पाहता येतं. शर्ट काढून, दोन्ही हातांत दीड किलोच्या आसपासची डंबेल्स घेऊन हात पाच वेळा वर न्यायचे आणि सावकाश खाली आणायचे. दुसऱ्यानं मागून बघायचं. खाली आणताना आतली कड पंखासारखी उचलली, तर गडबड आहे.

२००९ साली खांदा दुखणाऱ्या १७ बेसबॉलपटूंवर झालेल्या प्रयोगात टेप लावल्यावर फरा थोडा जास्त मागे कलला आणि हात खाली आणताना खालच्या ट्रॅपेझियसचं काम वाढलं. एवढंच. टेप त्वचा ओढते आणि त्वचा मेंदूला 'फरा इथे आहे' असं कळवत राहते, हे त्याचं सर्वात पटणारं स्पष्टीकरण. दुखण्यावरचा एकूण पुरावा मात्र अगदी दुबळा आहे: वैद्यकीय प्रयोग एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२१च्या आढाव्यात रोटेटर कफच्या दुखण्यावरचे २३ प्रयोग तपासले गेले, आणि त्यांतून खात्रीचा फायदा दिसला नाही.

तरी लावायची असेल तर नीट लावा. पाच सेंटिमीटर रुंदीची, साधारण ३० सेंटिमीटर लांब पट्टी कापा आणि कोपरे गोल करा, म्हणजे कपड्याला अडकून सुटणार नाहीत. त्वचेवर तेल, घाम, पावडर नको. केस आदल्या दिवशीच कापा. ताठ बसून फरा हलकेच मागे आणि खाली घ्या. पहिलं टोक, सुमारे चार सेंटिमीटर, खांद्याच्या पुढच्या बाजूला अजिबात न ताणता चिकटवा. मधला भाग खांद्यावरून मागे, तिरका, बरगड्यांच्या शेवटाजवळच्या मणक्यांकडे न्या. शेवटचं टोकही बिनताणाचं.

सगळ्यात जास्त घोळ 'पन्नास टक्के ताण' या सूचनेत होतो. पट्टी मुळात जास्तीत जास्त जेवढी ताणली जाते, त्याच्या निम्मा ताण, असा तिचा अर्थ. मधला भाग २० सेंटिमीटरचा असेल आणि तो ओढून ३० होत असेल, तर २५ला थांबायचं. जास्त ओढलात तर सगळा ताण टोकांशी त्वचेवर येतो आणि तिथे फोड उठतात. लावल्यावर तळहातानं चोळा. हा चिकटा उष्णतेनं धरतो. खेळाच्या अर्धा-पाऊण तास आधी लावा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत दोन दिवस टिकली तरी पुष्कळ. आंघोळीनंतर टॉवेलनं टिपा. हेअर ड्रायर नको, चिकटा आणखी बसतो. काढताना खोबरेल लावून दहा मिनिटं थांबा, मग केसांच्या दिशेनं, त्वचा दाबत सोलून घ्या. खाज किंवा मुंग्या आल्या तर लगेच काढा.

निळी टेप थंडावा देते आणि लाल ऊब देते, हे ग्रहांच्या खड्यांइतकंच खरं. टेपच्या सुरकुत्या त्वचा उचलून रक्तप्रवाह वाढवतात, असा दावा असतो. २०१४ साली या सुरकुत्यांचा उपयोग कंबरदुखीच्या १४८ रुग्णांवर तपासला गेला. सुरकुत्यांची टेप आणि बिनसुरकुत्यांची टेप यांनी दुखण्यात काही फरक पडला नाही. दुसऱ्या एका प्रयोगात टेप कधी न पाहिलेल्या लोकांना 'हे स्नायूंचे सेन्सर आहेत' असं सांगून ती मांडीला लावली. ताकद तसूभरही वाढली नाही.

इजा टळते ती दुसरीकडे. नॉर्वेत हँडबॉलच्या ६६० अव्वल खेळाडूंवरच्या अभ्यासात आठवड्यातून तीनदा, दहा मिनिटांच्या वॉर्मअपनं खांद्याच्या तक्रारींचा धोका २८ टक्क्यांनी घटला. त्यात हात बाहेर फिरवण्याची ताकद, फऱ्याचे स्नायू, पाठीचा वरचा भाग मोकळा करणं आणि हात आत फिरण्याचा पल्ला राखणं यांवर भर होता. कोपर अंगाशी ठेवून, हातात रबर बँड धरून हात बाहेर फिरवणं, आणि पुशअपच्या शेवटी पाठ आणखी वर ढकलणं, या दोन गोष्टी घरी होतात. डेन्मार्कच्या तरुण हँडबॉलपटूंत आठवड्याचा खेळ एकदम ६० टक्क्यांहून जास्त वाढला तेव्हा इजांचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं. फरा बिघडलेला किंवा बाहेर फिरवण्याची ताकद कमी असलेल्यांना मात्र २० ते ६० टक्क्यांची वाढही भोवली. टेप लावायचीच तर याच खेळाडूंना, व्यायामाच्या सुरुवातीच्या काही आठवड्यांपुरती. आणि आधी हात दहा वेळा वर नेऊन बघा, टेप लावून पुन्हा दहा वेळा. दुखणं कमी झालं नाही, तर ती टेप उतरवा. खांदा निखळून गेलेला असेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा.