पाक साखरला? मग जमलं!

गुलाबजामचा पाक साखरला की घरात चेहरे उतरतात. लिंबू पिळायचं राहिलं का, कुणी उगाच ढवळलं का, अशी चौकशी सुरू होते. दालचिनी आणि तिखट लावलेले गोड काजू-बदाम मात्र पाक साखरल्याशिवाय होतच नाहीत. जर्मनीत नाताळच्या बाजारांत तांब्याच्या मोठ्या कढईत साखर-दालचिनीत घोळवलेले गरम बदाम कागदी शंकूत भरून देतात. आपल्याला तो प्रकार नवा वाटायचं कारण नाही. यात्रेतले साखरफुटाणे, गोडीशेव, संक्रांतीचा काटेरी हलवा ही सगळी त्याच घराण्यातली मंडळी.

मी पहिल्यांदा हे काजू केले ते शरणपूर रोडच्या एका मैत्रिणीकडे नाताळला न्यायचे म्हणून. पाक छान उकळत होता, आणि बघता बघता सगळं पांढरं, कोरडं, वाळूसारखं झालं. बिघडलं असं वाटून मी त्यात अर्धी वाटी पाणी ओतलं. ती खरी चूक.

कढईत घडतं ते असं. २० अंश सेल्सिअसच्या १०० ग्रॅम पाण्यात साधारण २०० ग्रॅम साखर विरघळते, तर उकळत्या पाण्यात ४८० ग्रॅमच्या आसपास. पाक आटतो तसं पाणी उडून जातं, साखर तेवढीच राहते. एका टप्प्यावर उरलेल्या पाण्याला पेलवेल त्यापेक्षा जास्त साखर त्यात असते. असा पाक काठावर बसलेला असतो. उलथन्याचा एक फटका, काजूचा खडबडीत कोपरा, कढईच्या कडेला चिकटलेला साखरेचा एखादा दाणा, एवढं निमित्त पुरतं. पहिला स्फटिक तयार होतो, त्यावर शेजारचे रेणू रचले जातात आणि काही सेकंदांत सगळी कढई साखरते. म्हणून गुलाबजामच्या पाकाला हात लावायचा नाही आणि इथे मात्र थांबायचं नाही, सतत हलवायचं. हलवा करणाऱ्या बायका मंद आचेवर थोडा थोडा पाक घालत तिळावर बोटं फिरवत राहतात, तेही याचसाठी. तिथे स्फटिकांचे काटे निघेपर्यंत धीर धरतात, आपल्याला खरबरीत थर पुरतो.

लिंबू इथे घालायचं नाही. आम्लामुळे साखरेचा रेणू फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात, आणि हे दोघे साखरेच्या स्फटिकांच्या रांगेत घुसून ती मोडतात. गुळात ते आधीपासूनच असतात. त्यामुळे गुळाचा पाक नीट साखरत नाही, त्याची चिक्की होते. चिक्कीशी माझं भांडण नाही, पण ती वेगळी वस्तू.

आता प्रमाण. पाव किलो काजू-बदाम, १०० ग्रॅम साखर, पाव वाटी पाणी, अर्धा चमचा बारीक मीठ, चमचाभर दालचिनीची पूड, पाव चमचा तिखट, किसलेलं जायफळ चिमूटभर. सुका मेवा आधी मंद आचेवर कोरडाच भाजून घ्या. पाकात भाजला जाईल, या भरवशावर राहू नका. पाकात भरपूर पाणी आहे तोवर कढईचं तापमान १०० अंशांच्या फार वर चढत नाही, आणि भाजल्याचा खमंग वास देणाऱ्या मेयार अभिक्रियेला साधारण १४० अंश लागतात. ल्वी-कामीय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली तिचं वर्णन केलं. आपण शेंगदाणे भाजताना ती रोज हुंगतो.

पाककृतीतले तापमानाचे आकडे नाशिकमध्ये जसेच्या तसे धरू नका. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर आहोत, हवेचा दाब थोडा कमी, त्यामुळे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. मुंबईत जो पाक ११२ अंशांवर तयार होतो, तेवढाच घट्ट पाक इथे ११० अंशांवर मिळतो. दोन बोटांत तार बघण्याची आपली पद्धत मात्र कुठेही चालते, कारण ती पाक किती घट्ट झाला हे पाहते, किती तापला हे नाही. थर्मामीटर विकत घेण्याआधी आजीला विचारलेलं बरं.

पाक साखरला की दोन वाटा फुटतात. तिथेच गॅस बंद केला तर पांढुरका, खरबरीत थर राहतो. मंद आचेवर हलवत राहिलं तर ती साखर पुन्हा वितळते, करपू लागण्याच्या आधीच्या तपकिरी रंगाला येते आणि थंड झाल्यावर काचेसारखी चकाकते. ही उपमा नाही, ती खरोखर काच असते. रेणू रांगेत लागलेले नसतात, जसे होते तसे गोठलेले असतात. अशी साखर हवेतलं पाणी भराभर ओढते आणि चिकट होते. रांगेतली साखर त्या मानाने पुष्कळ सोशिक. म्हणून डिसेंबरच्या कोरड्या थंडीत चकाकते काजू करा, गणपतीत पाऊस कोसळत असताना खरबरीतच बरे. या चकाकण्याच्या टप्प्यावर कढईत १५० अंशांच्या पुढे तापलेली साखर असते, तेव्हा मुलांना ओट्यापासून लांब ठेवा. चव घ्यायलाही बोट घालू नका.

मसाला शेवटी. दालचिनीचा वास देणारं सिनामाल्डिहाइड उडून जाणारं असतं, सुरुवातीपासून उकळलं तर सगळा वास शेजाऱ्यांना. तिखटातलं कॅप्सायसिन पाण्यात नाही, तेलात विरघळतं. त्यामुळे आधी गोड लागतं, काजू चावल्यावर त्याच्या तेलातून तिखट जिभेवर पसरतं. तेवढ्यात दुसरा काजू तोंडात गेलेला असतो.

अक्रोड घेतलेत तर लवकर संपवा. त्यातली मेदाम्लं हवेशी चटकन अभिक्रिया करतात आणि खवट वास येतो. काजू-बदाम जास्त दिवस टिकतात. काहीही केलं तरी पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका, नाहीतर झाकणाखाली वाफ जमून सगळी मेहनत ओली.

राहिला मोह बेदाण्यांचा. द्राक्षांच्या गावात राहून ते घालायचे नाहीत म्हणजे काय! पण बेदाण्यात साधारण १५ टक्के पाणी असतं, भाजलेल्या बदामात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. एका डब्यात ठेवले की पाणी बेदाण्याकडून बदामाकडे सरकतं आणि दोन दिवसांत बदाम मऊ, बेदाणे वातड. पाहुणे आले की बेदाणे वेगळ्या वाटीत ठेवा आणि ज्याचं त्याला मिसळून घेऊ द्या.