पार्श्वभूमी : एकच सून, दोन भाषा आणि डबिंगबंदी

मराठी पडद्यावरची सोशिक सून आणि बंडखोर नायिका यांच्यावर पुष्कळ लिहून झालंय, ते इथे पुन्हा नको. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या प्रेक्षकाला एक निराळीच भानगड ठाऊक असते. एकाच सुनेचा छळ इथे दोनदा बघायला मिळतो : आधी मराठीत, मग वर्ष-दोन वर्षांनी कन्नडमध्ये, वेगळ्या नटीच्या वाट्याला. असं का होतं, याचं उत्तर बऱ्याच अंशी कर्नाटकातल्या डबिंगबंदीत, म्हणजे दुसऱ्या भाषेतल्या चित्रपट-मालिकांवर कन्नड आवाज चढवायला असलेल्या मनाईत आहे.

बोलपटांच्या सुरुवातीला भाषांच्या भिंती एवढ्या उंच नव्हत्या. पहिला कन्नड बोलपट ‘सती सुलोचना’ (१९३४) कोल्हापुरात चित्रित झाला. ‘माणूस’ (१९३९) या मराठी चित्रपटातली वेश्या साकारणारी अभिनेत्री हुबळीजवळच्या खेड्यातली. त्याच्या दोन वर्षं आधी, १९३७ मध्ये, ‘कुंकू’च्या नायिकेनं म्हाताऱ्याला नवरा मानायला साफ नकार दिला होता. हे साल लक्षात ठेवावं, पुढे लागेल.

सीमाभागातली बाई स्वतः पडद्यावर फार थोड्या वेळा आली. १९८२ मध्ये स्त्रियांच्या एका चित्रपट-गटानं निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या कामगार बायकांवर छोटा माहितीपट केला. धुळीत राबणाऱ्या आणि संघटना बांधणाऱ्या या बाया त्यात आपली गोष्ट मराठीतच सांगतात. दुसरी ओळख सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीच्या डोंगराची, जिथे मुली देवीला सोडल्या जात. देवाला मुली सोडण्यावर बंदी घालणारा कर्नाटकचा कायदाही १९८२ चाच. याच प्रथेवरचा ‘जोगवा’ हा मराठी चित्रपट आला २००९ मध्ये. चौंडकं, परडी, डोक्यावर देवीचा ‘जग’, कपाळभर भंडारा हे सगळं कॅमेऱ्याला आवडतं. मानधनासाठी कचेरीत अर्ज घेऊन उभी असलेली म्हातारी जोगतीण मात्र कॅमेऱ्याच्या वाटेला सहसा येत नाही.

आता बंदीकडे. असा कायदा कागदावर कधीच नव्हता. मद्रासच्या स्टुडिओंतले तमिळ-तेलुगू चित्रपट कन्नड आवाज चढवून येत आणि कन्नड नट-तंत्रज्ञ हात चोळत बसत. साठच्या दशकात त्याविरुद्ध आंदोलन उभं राहिलं आणि धंद्यात एक अलिखित नियम रुजला : दुसऱ्या भाषेतली गोष्ट हवी असेल तर ती नव्यानं चित्रित करा, नुसता आवाज चढवू नका. पुढे टीव्ही आला, तोही याच नियमात अडकला.

बंदीचे समर्थक पोटापाण्याचं आणि भाषेचं बोलत, विरोधक प्रेक्षकाच्या हक्काचं. दोन्ही बाजूंनी वर्षानुवर्षं तोंडसुख घेतलं गेलं. त्यात बायकांचा हिशेब फारसा कुणी मांडला नाही. रोजच्या कौटुंबिक मालिकेत सून, सासू, आजेसासू, नणंद, जाऊ, मोलकरीण अशी बायकांचीच भरती असते. मालिका नव्यानं केली की या प्रत्येकीसाठी नवी कन्नड नटी लागते, शिवाय केशभूषा, वेशभूषा, संवाद लिहिणारे. डबिंगमध्ये यातलं उरतं आवाजापुरतं काम. मला विचाराल तर बंदीची ही बाजू तिच्या टीकाकारांनी कधी नीट पाहिलीच नाही.

पण दुसरी बाजूही तेवढीच बोचरी आहे. ६ मे २०१२ ला एका हिंदी अभिनेत्याचा सामाजिक विषयांवरचा कार्यक्रम सुरू झाला. पहिलाच भाग स्त्रीभ्रूणहत्येवर होता. मराठी, तमिळ, तेलुगू, मल्याळम, बंगाली अशा भाषांत तो डब झाला. कन्नड आवृत्ती विरोधामुळे अडली. म्हणजे बेळगावातल्या मराठी घरात तो आपल्या भाषेत ऐकता आला आणि शेजारच्या कन्नड घरात हिंदी समजणाऱ्यांपुरताच राहिला. अडायला नेमका हाच विषय मिळावा!

जुलै २०१५ मध्ये केंद्राच्या स्पर्धाविषयक आयोगानं ही अडवणूक बेकायदा ठरवून संबंधित संघटनांना दंड केला. बंगालमधल्या तशाच एका प्रकरणात २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानंही आयोगाचंच म्हणणं उचलून धरलं. तरी टीव्हीवर डबिंगला खरी वाट मिळाली ती २०२० च्या टाळेबंदीत. चित्रीकरणं बंद पडली, वाहिन्यांकडे दाखवायला नवे भाग उरले नाहीत, आणि हिंदी ‘महाभारत’ कन्नड आवाजात घरोघरी लागलं.

तोवर पुनर्निर्मितीची सवय पक्की झाली होती. ‘सैराट’ (२०१६) पुढच्याच वर्षी कन्नडमध्ये ‘मनसु मल्लिगे’ झाला, नायिका मात्र तीच. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ (२०१६) ही मालिका २०१७ मध्ये ‘सुब्बलक्ष्मी संसार’ झाली. ‘तुला पाहते रे’ (२०१८) वरून ‘जोते जोतेयली’ (२०१९) आली. विशीतली साधी मुलगी आणि तिच्या दुप्पट वयाचा उद्योगपती, अशी ही प्रेमकथा. मराठीत पुढे तो खलनायक निघाला हे खरं, पण त्याआधी कितीतरी भाग प्रेक्षक त्या जोडीवर भाळलेले होते. ‘कुंकू’ १९३७ चा, ही २०१८ ची. मराठी मालिका वर्षभरात आटोपली, कन्नड २०२३ पर्यंत चालली.

भाषा बदलली की मंगळसूत्राच्या जागी ताळी येते आणि ताटात आमटीच्या जागी सारू. सुनेनं घर सांभाळायचं, हा करार तसाच राहतो. त्यातही मराठी सून पुण्या-मुंबईचं बोलते आणि कन्नड सून बेंगळुरू-म्हैसूरचं. ‘मी जातो, मी करतो’ म्हणणारी, मराठीतून सुरू झालेलं वाक्य कन्नडमध्ये संपवणारी, ज्वारीच्या भाकऱ्या थापणारी इकडची बाई दोन्हीकडच्या लेखकांना परकीच. सीमाप्रश्नावर ज्या पोटतिडिकीनं दोन्ही राज्यांत बोललं जातं, त्यातली थोडी तरी संवाद लिहिताना वापरायला हरकत नव्हती.

डबिंगची वाट मोकळी झाल्यावरही मराठी गोष्टी कन्नडमध्ये नव्यानं चित्रित होणं थांबलेलं नाही, याचं कारण उघड आहे. ओळखीचा चेहरा आणि आपला स्वयंपाकघराचा सेट असला की मालिका वर्षानुवर्षं ओढता येते. ‘अग्गंबाई सासूबाई’ (२०१९) मध्ये सून पुढाकार घेऊन सासूचं दुसरं लग्न लावून देते. या मालिकेवर बेतलेली ‘श्रीरस्तु शुभमस्तु’ २०२२ मध्ये कन्नडमध्ये सुरू झाली. तिथेही कथेच्या मधोमध उभी आहे ती सासूच, आणि ती भूमिका करायला नव्वदीच्या दशकातली एक कन्नड नायिका परत आली.