कासवभुंगे आणि काटेरी भुंगे : एका उपकुलाची जडणघडण

पर्णभुंग्यांच्या कुलात आजवर ३५,००० हून अधिक जातींची नोंद झाली असून त्यांपैकी सुमारे ६,००० जाती एकट्या कॅसिडिनी या उपकुलात मोडतात. कडा बाहेर पसरलेल्या कवचाखाली डोके व पाय दडवणारे कासवभुंगे आणि हिस्पा या नावाने परिचित असलेले काटेरी भुंगे आता याच उपकुलात धरले जातात. मात्र दीर्घकाळ त्यांची उपकुले वेगळी मानली जात होती.

स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये कॅसिडा आणि १७६७ मध्ये हिस्पा ही प्रजाती (जवळच्या जातींचा गट) नोंदवली. पुढे १८१३ मध्ये यूलेनहाल या स्वीडिश कीटकशास्त्रज्ञाने त्यांवरून दोन स्वतंत्र गट केले. त्यात वावगे काही नव्हते, कारण अळ्यांची राहणीही निराळी होती. हिस्पांपैकी अनेकांच्या अळ्या पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये शिरून आतला गर पोखरतात. उलट कासवभुंग्यांच्या बहुतेक अळ्या पानावर उघड्यावरच चरतात आणि शरीराच्या मागच्या टोकाला असलेल्या दुभंगलेल्या काट्यावर जुन्या काती व विष्ठा साठवून तो भारा छत्रीसारखा पाठीवर धरतात.

शापुई या बेल्जियन अभ्यासकाने १८७५ च्या सुमारास दोन्ही गट शेजारी आणले ते मुखांगांवरून. दोहोंतही तोंड खाली व मागे वळलेले असते आणि वरून पाहताना दिसत नाही. निरीक्षण अचूक होते, तरी उपकुले वेगळीच राहिली. शिवाय हेलिकोनिया या केळीसारख्या वनस्पतीच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत राहणारे सेफॅलोलिया हे चपटे भुंगे हिस्पांत गणले जात, पण त्यांना ना काटे, ना त्यांच्या अळ्या पान पोखरत. अलीकडच्या वंशवृक्षीय अभ्यासांत कासवभुंगे ही हिस्पांमधूनच फुटलेली शाखा असल्याचे दिसू लागले, तेव्हा दोन उपकुलांचा आग्रह धरण्यात अर्थ उरला नाही.

जाती ओळखण्याची अडचण मात्र निराळीच आहे. बोहेमान या स्वीडिश कीटकशास्त्रज्ञाने १८५० ते १८६२ या काळात कासवभुंग्यांचा चार खंडांचा ग्रंथ सिद्ध केला, पण वाळलेल्या नमुन्यांत यांपैकी अनेकांची सोनेरी झळाळी उरत नाही. पनामातील कॅरिडोटेला एग्रेजिया या जातीत कवचाच्या सूक्ष्म थरांतील छिद्रे द्रवाने भरलेली असताना भुंगा सोन्याच्या आरशासारखा दिसतो. त्याला डिवचले की द्रव ओसरतो आणि खालचा लाल रंग उघडा पडतो. रंगाचा असा भरवसा नसल्याने वर्गीकरणात नख्यांची घडण आणि शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) बसण्याच्या खाचा अशा खुणांना महत्त्व आले.