बट्टा ते सत्तर: जुन्या नाण्याची प्रत ठरवायची पद्धत आली कुठून

इंदूरच्या कितीतरी मराठी घरांत देवघरातल्या डब्यात चांदीचे दोन-चार रुपये असतातच, एखादा व्हिक्टोरिया राणीचा, एखादा सूर्यछाप होळकरी, आणि लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी ते चिंच आणि रांगोळीने घासून लख्ख करायचे हा ठरलेला कार्यक्रम. आमच्याकडेही तेच. मी त्यातला सूर्यछाप रुपया पहिल्यांदा सराफ्यात दाखवायला नेला तर दुकानदाराने भिंगातून एकदा बघितलं, "घिसा हुआ है, साफ किया है" म्हणाला आणि परत दिला. मला खरंच प्रश्न पडला की नाणं स्वच्छ असणं हा दोष कधीपासून झाला? त्या प्रश्नाच्या मागे लागून जे कळलं ते इथे लिहितोय.

नाणं पारखायचं काम आपल्याकडे नवीन अजिबात नाही. पोतदार हे आडनाव त्यातूनच आलं, सरकारी खजिन्यात जमा होणारा पैसा तपासून घेणारा माणूस म्हणजे पोतदार, आणि गावात तो बऱ्याचदा सोनारकामही करायचा. तो तीन गोष्टी बघायचा: वजन भरतंय का, चांदी किती कसाची आहे, आणि दगडावर टाकल्यावर खणखणीत वाजतंय का. यात जे कमी भरेल तेवढा बट्टा कापायचा. नावाला बट्टा लागला असं आपण सहज म्हणतो ना, तो हाच बट्टा. गंमत म्हणजे बट्टा फक्त झिजेचा नसायचा, मोगल टांकसाळीचा चालू सालाचा रुपया पूर्ण भावाने जायचा आणि तोच रुपया पुढच्या साली, वजन जवळपास तेवढंच असलं तरी, बट्ट्याने. बंगालमध्ये ईस्ट इंडिया कंपनीने शेवटी कंटाळून सगळ्या रुपयांवर 19 सन (मोगल बादशहा शाह आलमच्या राज्याचं 19 वं वर्ष) हे एकच साल कायम ठेवलं, म्हणजे सालावरून भाव पाडायला जागाच उरली नाही. सराफ लोक तपासलेल्या रुपयावर बारीक ठसा किंवा छिन्नीचा घाव मारायचे, आत तांबं तर नाही ना बघायला. आजचे संग्राहक या खुणा दिसल्या की प्रत खाली उतरवतात. मला ते पटत नाही, हा रुपया कुणाच्या तरी हातात तपासला गेला त्याची ती नोंद आहे.

1835 मध्ये कंपनीने सगळ्या मुलखासाठी एकच रुपया काढला, 180 ग्रेन वजनाचा, बारा भागांत अकरा भाग चांदी. मग कायद्याने मर्यादाही ठरवली, 1870 आणि 1906 च्या नाणे कायद्यांत रुपया 2 टक्क्यांपेक्षा जास्त झिजला तर तो कायदेशीर चलन राहत नाही असं होतं. इथपर्यंत झीज म्हणजे फक्त गेलेली चांदी, घासून चमकवलेल्या नाण्याचं कुणाला काही वावडं नव्हतं.

उलटापालट केली ती संग्राहकांनी. त्यांना चांदीशी मतलब नाही, टांकसाळीतून बाहेर पडताना पृष्ठभाग जसा होता त्याच्याशी आहे. ठशाच्या दाबाने धातू पसरतो तेव्हा त्यावर अगदी सूक्ष्म रेघा उमटतात आणि नाणं फिरवलं की प्रकाशाचा पट्टा गोल फिरतो तो त्यांच्यामुळे. चिंचेचं आम्ल आणि रांगोळीची दगडी पूड हाच थर काढून नेतात, नंतर चमक येते पण ती वेगळी, मेलेली, आणि गेलेला थर कशानेही परत येत नाही. फाईन, व्हेरी फाईन, एक्स्ट्रीमली फाईन, अनसर्क्युलेटेड हे चढत्या प्रतीचे शब्द ब्रिटिश व्यापाऱ्यांकडून आले आणि सराफ्यात आजही व्हीएफ, ईएफ, यूएनसी असेच ऐकू येतात.

आकडे अमेरिकेतून आले. विल्यम शेल्डन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1949 मध्ये तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी 1 ते 70 अशी मोजपट्टी काढली, कल्पना अशी की जेमतेम ओळखू येणारं नाणं 1, आणि 70 चं नाणं त्याच्या सत्तरपट किमतीचं. बाजारभाव काही वर्षांत बदलले, गणित कोसळलं, आकडे मात्र राहिले. (याच शेल्डनने एका मोठ्या संस्थेच्या संग्रहातली चांगली सेंट स्वतःच्या हलक्या सेंटशी बदलून घेतली होती हे त्याच्या मृत्यूनंतर उघड झालं, वाचून मला वाईट वाटलं.) 1977 मध्ये अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने हेच आकडे सगळ्या अमेरिकन नाण्यांना लावले, 1986 पासून पीसीजीएस आणि 1987 पासून एनजीसी या प्रत ठरवणाऱ्या अमेरिकन कंपन्या नाणं प्लॅस्टिकच्या डबीत सील करून आकडा द्यायला लागल्या.

आता हे सगळं होळकरी रुपयाला लावून बघा. मल्हारनगरचा (म्हणजे इंदूरच्या टांकसाळीचा) सूर्यछाप किंवा महेश्वरचा पिंड आणि बेलपान असलेला रुपया हाताने हातोडा मारून पाडलेला, ठसा नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा, म्हणून शाह आलमच्या नावातली अर्धी अक्षरं चकतीवर आलेलीच नसतात. ती झिजलेली नाहीत, मुळात उमटलीच नाहीत. नवा माणूस तिथेच फसतो. सूर्याचं नाक आणि भुवया सपाट झाल्यात का, उठावाच्या कडा गोलावल्यात का, ते बघायचं, मग चकती ठशाच्या मध्यावर बसलीय का ते वेगळं बघायचं. दोन्ही एका आकड्यात कोंबता येत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

यंत्रावरच्या नाण्यांना आकडा बराच बसतो. नंदीछाप पाव आणा, अर्धा आणा घेतला की मी आधी वशिंड बघतो, शिवाजीराव होळकरांच्या 1899 च्या सुमाराच्या रुपयावर पगडीचे पेच आणि गाल, यशवंतराव दुसरे यांच्या 1935 च्या अर्ध्या आण्यावर चेहरा, जिथे उठाव जास्त तिथे झीज आधी. डबीत घालायला बाहेरदेशी पाठवायचा विचार असेल तर 1972 चा पुरावस्तू कायदा लक्षात असू द्या, शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं ही पुरावस्तू आहे, ते असंच देशाबाहेर पाठवता येत नाही.

आमच्या घरी आता पूजेचे दोन व्हिक्टोरिया रुपये वेगळे काढलेत, ते आई घासते. सूर्यछाप कागदाच्या पाकिटात असतो, लक्ष्मीपूजनाला चौरंगावर ठेवतो पण हळदीकुंकू पाकिटावर वाहतो.