खटक्यावरचा विश्वास

राजगडावर पद्मावती माचीवर बसून जून कैरी कापत होतो. घडीचा चाकू रस्त्यावरच्या दुकानातून घेतलेला, नाव-गाव नसलेला. कोयीत पातं रुतलं, ते सोडवायला मूठ जरा वर-खाली केली आणि पातं सरळ तर्जनीवर मिटलं. रुमाल आवळून गड उतरलो, तीन टाके पडले. बोट बरं झालं. पण पातं पूर्ण उघडल्यावर जो ‘खट्’ असा आवाज येतो, तो नेमकी कशाची हमी देतो, हे शोधायचा नाद तेव्हा लागला तो अजून सुटलेला नाही.

एक गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी. आपण नीट कापत असतो तेव्हा खटक्याला, म्हणजे उघडलेलं पातं अडकवून ठेवणाऱ्या कळीला, कामच नसतं. धारेवर येणारा जोर पात्याला आणखी उघडायला बघतो, आणि ते मुठीतल्या अडसराला टेकून थांबतं. खटक्याची खरी परीक्षा पात्याच्या पाठीवर जोर आला की होते. भोक पाडताना टोक अडलं, रुतलेलं पातं हिसकून काढलं, अशा वेळी.

हा जोर किती मोठा होतो ते अडकित्त्यावरून कळतं. दांडे लांब, सुपारी बिजागरीला चिकटून, म्हणून हाताच्या थोड्या दाबानेही ती फुटते. घडीच्या चाकूत खटका सुपारीच्या जागी असतो. 9 सेंटिमीटरच्या पात्याच्या टोकाला मागून 5 किलो वजनाइतका जोर आला आणि खटक्याची टेकण्याची जागा बिजागरीच्या खिळ्यापासून 7 मिलिमीटरवर असली, तर तिथे जवळजवळ 13 पट, म्हणजे सुमारे 64 किलोंचा भार पडतो. तोही नखाएवढ्या जागेवर.

हा भार पेलायचे मार्ग अनेकांनी शोधले. अमेरिकेत अल बक यांनी 1964 मध्ये ‘110’ हा चाकू बाजारात आणला. पितळ आणि गडद लाकडाची मूठ, आणि मुठीच्या पाठीवरून जाणारी एक पोलादी पट्टी. ही पट्टी बागेतल्या सी-सॉसारखी मधल्या खिळ्यावर डुलते. मागून स्प्रिंग तिला ढकलते, पुढचा दात पात्याच्या बुडातल्या खाचेत बसतो. हा चाकू इतका खपला, की तिकडे तशा कुठल्याही चाकूला लोक ‘बक नाइफ’च म्हणू लागले. या रचनेचा शत्रू म्हणजे खिशातला कचरा. खाचेत तो साचला की दात अर्धवट बसतो, आणि ‘खट्’ मात्र ऐकू येतं. ज्या चाकूंमध्ये ही पट्टी मुठीच्या मधोमध दाबायची असते, तिथे आणखी एक धोका. मूठ घट्ट आवळली की तळहातानेच खटका दाबला जातो. डेव्हिड बॉय या कारागिराने त्यावर पट्टीवर दाबायच्या जागी एक उथळ खळगा केला. उपाय इतका साधा, की तो पाहिल्यावर हात जोडावेसे वाटतात.

मला सगळ्यात जास्त भुरळ घातली ती पाचरेच्या खटक्याने. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला मायकेल वॉकर या अमेरिकी कारागिराने ‘लायनर लॉक’ला आजचं रूप दिलं. मुठीच्या आतल्या पत्र्याचाच एक भाग कापून किंचित वाकवलेला असतो. पातं उघडलं की तो बाजूने सरकून पात्याच्या बुडामागे जाऊन बसतो. दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत आलेल्या ख्रिस रीव्ह यांनी पुढची पायरी गाठली. वेगळा पत्रा नकोच, मुठीची एक अख्खी टायटॅनियमची बाजूच खटका झाली. त्यांच्या चाकूचं नाव ‘सेबेन्झा’, झुलू भाषेत त्याचा अर्थ ‘काम’.

या खटक्याला ना दात ना खाच. पात्याच्या बुडाचा उतार आणि त्याला टेकलेली पट्टी, बस. दाराखाली पाचर सारली की दार जितकं ढकलावं तितकी ती घट्ट बसते, पण पाचरेचा उतार जास्त असला तर तीच पाचर सटकन बाहेर येते. सीमारेषा घर्षण ठरवतं. पोलादावर पोलाद, मध्ये हाताचा जरासा ओशटपणा असं धरलं, तर घर्षणांक साधारण 0.15 येतो, आणि त्या हिशेबाने पाचर सुमारे साडेआठ अंशांपर्यंतच्या उताराला धरून राहते. म्हणून कारागीर हा कोन बहुतेक वेळा सात ते नऊ अंशांच्या आसपास ठेवतात. कोन फार कमी केला तर खटका इतका चिकटतो की सोडवताना अंगठा दुखतो. तेलाने घर्षणांक 0.1 वर आला तर सीमाच पावणेसहा अंशांवर उतरते, आणि कालपर्यंत धरणारा खटका आज घसरू शकतो. त्यामुळे तेलाचा थेंब बिजागरीला द्यावा, खटक्याच्या तोंडाला कधीच नाही. ज्याच्याकडे असा चाकू आहे त्याने एवढं तरी पाळाच.

घर्षण दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबलेले असतानाच असतं. शौकीन लोक खटका तपासायला चाकूची पाठ लाकडावर आपटतात. त्या धक्क्यात पट्टी आणि पातं क्षणभर एकमेकांपासून उडतात, त्या क्षणी घर्षण शून्य होतं, आणि हळू दाबल्यावर मजबूत वाटणारा खटका सुटतो. कापताना अशी आपट क्वचितच बसते. या चाचणीवरून शौकिनांमध्ये वर्षानुवर्षं वाद पेटलेला आहे आणि दोन्ही बाजूंकडे थोडं थोडं खरं आहे.

बेंचमेड या अमेरिकी चाकू-कंपनीने 1998 मध्ये आणलेल्या ‘ॲक्सिस’ खटक्यात पाचरेऐवजी पोलादाची आडवी कांडी पात्याच्या बुडावर येऊन बसते. तिला ढकलणाऱ्या बारीक तारेच्या दोन स्प्रिंगा असतात आणि एक तुटली तरी दुसरी काम चालवते. कोल्ड स्टील या दुसऱ्या चाकू-कंपनीसाठी अँड्र्यू डेम्को यांनी आखलेल्या ‘ट्राय-ॲड’ खटक्यात पाठीवरच्या पट्टीपुढे एक अडसराचा खिळा बसवून भार त्याच्यावर घेतला. त्या कंपनीने चाकूला शेकडो पौंडांची वजनं लटकवून दाखवली, आणि तिच्या चाहत्यांच्या लेखी वाद तिथेच संपला.

तो तिथे संपत नाही. एका ब्रँडचा भक्त म्हणतो, ‘दहा वर्षं वापरतोय, वीस हजार वेळा उघडला असेल, एकदाही दगा दिला नाही.’ माणूस खोटं बोलत नसतो. पण वीस हजार वेळा उघडणं ही खटक्याची परीक्षाच नाही. पाठीवर जोराचा दाब आला असे प्रसंग किती, ते मोजायला हवेत, आणि ते बहुधा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघतील. शिवाय चाकू एकच. संख्याशास्त्रात एक सोपा नियम आहे. 300 नग तपासले आणि एकही फसला नाही, तरी 95 टक्के खात्रीने इतकंच म्हणता येतं, की फसण्याचं प्रमाण शंभरात एकाहून कमी आहे. एका चाकूच्या दहा वर्षांवरून खिळ्या-पट्टीच्या रचनेबद्दल जवळजवळ काहीच सिद्ध होत नाही.

तरीही विश्वास घट्ट बसतो, कारण तो दुसरीकडून आलेला असतो. जॅक ब्रेम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1956 मध्ये स्त्रियांना काही घरगुती उपकरणं दाखवून त्यांना गुण द्यायला सांगितलं आणि मग दोहोंपैकी एक निवडून घरी न्यायला दिलं. निवड झाल्यावर पुन्हा गुण मागितले, तेव्हा निवडलेल्या वस्तूचे वाढले, सोडलेल्या वस्तूचे घटले. वस्तू तीच होती. 2001 मध्ये म्युनिझ आणि ओ’गिन या अभ्यासकांनी साब गाड्या, मॅकिंटॉश संगणक आणि फोर्ड ब्रॉन्को यांच्या चाहत्यांचा अभ्यास मांडला. त्यात दिसलं, की चाहत्यांना एकमेकांशी जोडण्यात ‘आपण ते दुसरं वापरत नाही’ या भावनेचाही मोठा वाटा असतो. चाकूंच्या दुनियेत ‘ते दुसरं’ म्हणजे समोरच्याचा खटका.

ब्रँडनिष्ठा अगदीच पोकळ असते असं मात्र मी म्हणणार नाही. ॲक्सिसच्या पेटंटची मुदत संपल्यावर तसाच आडव्या कांडीचा खटका अनेक कंपन्या करू लागल्या. कल्पना एकच, पण कांडी आणि पात्याच्या उताराचा मेळ प्रत्येक नगात केसाच्या जाडीहून बारीक फरकाने जमवावा लागतो. तो हजारो नगांमध्ये सारखाच जमवणं हे कारखान्याच्या शिस्तीचं काम आहे. कारखान्याच्या नावाला खरा अर्थ असेल तर तो या शिस्तीत आहे.

आणि जगात कदाचित सर्वाधिक विश्वास मिळवलेल्या घडीच्या चाकूला खटकाच नव्हता. स्वित्झर्लंडच्या इबाख गावातल्या कार्ल एल्सेनर यांनी 1891 मध्ये स्विस सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली. त्यांची कंपनी पुढे व्हिक्टोरिनॉक्स झाली. सैनिकांच्या चाकूत पातं अडकवून ठेवणारा खटका आला तो 2008 च्या नमुन्यात. तोवर शंभराहून जास्त वर्षं फक्त मागच्या स्प्रिंगचा दाब पात्याला सरळ धरत होता. अमेरिकेतून आलेल्या मामाने आणलेला लाल मुठीचा लहान चाकू आपल्याकडे अनेक घरांत असतो, त्यातही हेच आहे. ब्रिटनमध्ये तर 3 इंचांपर्यंत धारेचा, खटका नसलेला घडीचा चाकू कारण न देता जवळ बाळगता येतो, खटका असेल तर सबळ कारण लागतं. तिथल्या शौकिनांचे हात या बिनखटक्याच्या चाकूंवरच तयार होतात.

असा चाकू धरताना बोटं आपोआप पात्याच्या वाटेतून बाहेर राहतात, कारण ते मिटणार हे हाताला ठाऊक असतं. राजगडावर माझी तर्जनी त्या वाटेत होती, कारण मी ‘खट्’ ऐकलं होतं.

आता माझ्याकडे पाठीवर पट्टी असलेला एक चांगला चाकू आहे आणि तो मला मनापासून आवडतो. दर महिन्याला तो उघडून दिव्याखाली धरतो, टूथपिकने खाच साफ करतो, मग बोटं बाजूला ठेवून पात्याची पाठ पाटावर टेकवून हळूहळू जोर वाढवतो. मागच्या वेळी खाचेतून निळ्या धाग्यांचा तांदळाएवढा गोळा निघाला. जीन्सच्या खिशातला होता. आदल्याच दिवशी हा चाकू ‘खट्’ असा स्वच्छ आवाज करून उघडला होता.